हात वर, बीपी खाली

हिंदी मुलखातल्या या शहरात, स्नेहवर्धिनी मराठी मंडळाच्या इतिहासात एकही ठराव एकमताने मंजूर झालेला नव्हता. गणपतीला मोदक उकडीचे की तळलेले, एवढ्यावरून मंडळ एकदा दोन वर्षं फुटलेलं होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी सुखदा हॉलच्या दारात पोचली आणि आतल्या झाडून सगळ्यांचे हात तिला एकदम वर गेलेले दिसले, तेव्हा तिला क्षणभर भरूनच आलं.

मग तिच्या लक्षात आलं, की डोळेही सगळ्यांचे मिटलेले आहेत. उजवा हात सरळ छताकडे, डावा छातीवर, आणि चेहऱ्यावर वीज गेल्यावर पंख्याला येते तशी शांतता. उंच माणसांना मागच्या भिंतीशी बसवलेलं होतं, कारण पहिल्या दिवशी एकाचा हात पंख्याला लागला होता. त्याचं बीपी मात्र लगेच उतरलं, असं सांगत होते.

"सुखदा, चप्पल बाहेर," मंडळाच्या सचिव बेबीताई दारातच कुजबुजल्या. "आणि मोबाईल बंद कर. लहरी येतात."

व्यासपीठावर दाबहर महाराज बसले होते. जवळच्या सिहोरा गावाकडचे, पन्नाशीतले, तुकतुकीत. कपाळावरचं गंध हृदयाच्या आलेखासारखं ओढलेलं: वर, खाली, वर, खाली आणि मग एकदम सरळ. महाराज लोकांचं ब्लडप्रेशर हरण करून स्वतःवर घेत. औषध नाही, पथ्य नाही. सप्ताह चालू होता आणि उद्या समारोप. शेजारच्या पाटन गावाहून तर आख्खी बस भरून आली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना बस लागल्यामुळे त्यांचं बीपी तसंही ठिकाणावर नव्हतं.

"ऊपरवाला नंबर क्यों बढ़ता है?" महाराजांनी माईकमध्ये विचारलं. "क्योंकि ऊपरवाला नाराज़ है! और नीचेवाला नंबर?"

"नीचे किराएदार हैं," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. कांचघर मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरमालकांचं खालचं खरोखरच भाडेकरूंमुळे वाढलेलं होतं.

महाराजांची पद्धत अशी. रोग्याला एका बुटक्या पाटावर बसवायचं. चेला त्याच्या मनगटावर घड्याळासारखं बीपीचं मशीन बांधायचा. मग पाताळमुद्रा: हात खाली सोडून बोटं जमिनीला टेकवायची आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख मोठ्याने सांगायचं. एका निवृत्त गृहस्थांनी नुसतं व्याह्यांचं नाव घेतलं आणि मशीन थरथरलं. त्यानंतर आकाशमुद्रा: उभं राहायचं, हात आभाळाकडे, तोंड बंद. मशीन पुन्हा फुगायचं, सुस्कारा टाकायचं आणि चेला आकडा माईकमध्ये ओरडायचा.

"हेमलता माताजी!" चेल्याने पुकारा केला.

सुखदा पुढे सरकली. हेमलताबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या पाटावर बसल्या, बोटं फरशीला टेकवली, आणि दुःख काय सांगावं याचा थोडा विचार करून म्हणाल्या, "किडनीत गाठ आहे, फुप्फुसात ठिपके आहेत, आणि आमच्या यांना चहात साखर किती ते चाळीस वर्षांत समजून नाही राहिलं."

"एक सौ अठानवे!" चेला ओरडला. हॉल हळहळला.

हेमलताबाई उभ्या राहिल्या. हात वर. महाराजांनी डोळे मिटले, चेहरा वेडावाकडा केला, जणू कोणी त्यांच्या डोक्यावर गव्हाचं पोतं ठेवलं.

"एक सौ अठारा!"

टाळ्या पडल्या. पाटनची एक बाई रडली. हेमलताबाई खाली आल्या त्या वयाने दहा वर्षं लहान होऊन. त्यांच्या हातात प्रसादाचा पेला होता.

"बघ," त्या सुखदाला म्हणाल्या. "गोळीशिवाय."

"म्हणजे?" सुखदाने विचारलं. "बीपीची गोळी घेऊन नाही राहिल्या तुम्ही? आणि या पेल्यात काय आहे?"

"चकोतऱ्याचा रस. आपलं पपनस गं."

"आई, पपनस नको म्हणून मी बजावलं होतं ना? तुमच्या कॅन्सरच्या गोळीसोबत चालत नाही."

"तू फळ म्हणून मना केलं होतं," हेमलताबाई म्हणाल्या. "हा प्रसाद आहे."

सुखदा शहरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. कोणत्या रोग्याच्या कोणत्या दोन गोळ्यांचं आपसांत पटत नाही, हे बघणं तिचं काम. घरच्यांच्या मते ती 'मेडिकल स्टोरमध्ये' होती. घरात कोणाला सर्दी झाली की तिला सल्ला विचारायचे, आणि मग ती सांगेल ते सोडून बाकी सगळं करायचे.

खरी मौज अशी, की हे कुटुंब बुवाबाजीच्या वाऱ्याला उभं राहणारं नव्हतं. सासरे भय्यासाहेब तोफांच्या कारखान्यात तपासणी विभागातून निवृत्त झालेले. मंडळातले निम्मे पुरुष तिथलेच, नाहीतर रेल्वेतले. हवेतून राख काढणारा बाबा आला असता तर या लोकांनी त्याला राखेचं वजन विचारलं असतं. पण दाबहर महाराज मशीन घेऊन आले. आणि ज्यांनी जन्मभर तोफेची नळी केसाच्या जाडीएवढ्या फरकाने नापास केली, त्यांचा देवावर नसेल एवढा विश्वास आकड्यावर.

त्यातून पहिल्याच दिवशी भय्यासाहेबांनी सगळ्यांसमोर महाराजांना आव्हान दिलं होतं. खिशातून बारका पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढून त्यांनी मशीन उघडलं, सेल पाहिले, सील पाहिलं, पट्ट्यात फुंकर मारली. मग टेबलावर हात ठेवून घरच्या मशीनशी ताडून पाहिलं. आकडे जुळले.

"मशीन पास!" त्यांनी जाहीर केलं होतं.

तेव्हापासून सप्ताहाला गर्दी वाढली. महाराजांवर शंका घेणारा माणूस भय्यासाहेबांवर कुठून शंका घेणार?

दुपारी घरी सुखदाने मुकाट्याने आपलं मशीन काढलं. हे दंडाला पट्टा बांधायचं. हेमलताबाईंचा हात टेबलावर ठेवला, पट्टा आवळला, बटण दाबलं. पट्टा फुगू लागला तसा हेमलताबाईंचा हात सवयीने आपोआप टेबलावरून उठला आणि छताकडे निघाला. डोळे मिटले.

"आई, हात खाली."

"मुद्रा आहे."

"बरं, राहू द्या वर."

एकशे एकोणपन्नास. मग सुखदाने पाच मिनिटं त्यांना गप्प बसवलं, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवायला लावला आणि वरून स्वतःचा हात ठेवून तो दाबून धरला. एकशे अडुसष्ट. पुन्हा मोजलं. तेवढंच.

सुखदा हातातल्या मशीनकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की हेमलताबाईंना वाटलं, सुनेच्या अंगात आलं.

"आई, सकाळी डोकं दुखतं का?"

"थोडं. महाराज म्हणाले, दाब निघून राहिला, म्हणून दुखते."

"आणि गोळ्या कुठे आहेत?"

हेमलताबाईंनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तुळशीच्या कुंडीत बीपीच्या गोळ्या ओळीने पेरलेल्या होत्या. "फेकवल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्पण केल्या." तुळस चांगली मरगळली होती. तिचं बीपी कोणी मोजलं नव्हतं.

आता सुखदाचा आवाज चढला. "पण काहून, आई? तुम्ही एवढ्या समजदार! तुमची कॅन्सरची गोळी गाठीची रसद तोडते. ठिपके त्यानेच बारीक होऊन राहिले. पण त्या गोळीने अंगातल्या बाकीच्या रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून बीपी चढतं. हे डॉक्टरला आधीच माहीत होतं, म्हणून तर दुसरी गोळी दिली."

"तेच तर! आधी एक बीपीची गोळी होती, इतकी वर्षं घेतली. ती बंद करून दुसरी दिली. डॉक्टरलाच समजून नाही राहिलं असं हे म्हणाले. आणि महाराज म्हणतात, दो दवा पेट में लड़ती हैं. मग एक कमी केली. कॅन्सरची चालूच आहे. कॅन्सर के बारे में ते म्हणतात, वो हमारा डिपार्टमेंट नहीं."

सुखदा खुर्चीत बसली. भामट्याचं एक बरं असतं. तो पूर्ण खोटं कधी बोलत नाही; दुधात पाणी घालणारा आधी थोडं दूध आणतोच.

"लढतात हे खरं आहे, आई. काही गोळ्या लढतात. ऐका. यकृतात समजा एक सरकारी खिडकी आहे. अंगात आलेली औषधं तिथे रांग लावतात, बाबू शिक्का मारतो आणि एकेक औषध बाहेर काढतो. तुमची जुनी बीपीची गोळी त्या बाबूला गप्पांत गुंतवून ठेवायची. मग कॅन्सरची गोळी बाहेर जाईना, अंगातच साचली असती. म्हणून डॉक्टरांनी बाबूच्या वाटेला न जाणारी दुसरी गोळी दिली. भांडण सोडवूनच दिलं होतं तुमच्या हातात. आणि हे पपनस काय करतं माहीत आहे? बाबूला सरळ चहाला घेऊन जातं."

"लंच टाइम?" हेमलताबाईंनी घाबरून विचारलं. त्यांनी निम्मं आयुष्य सरकारी खिडक्यांसमोर काढलं होतं.

"दिवसभराचा. म्हणजे एकीकडे बीपी चढवणारी गोळी जास्त साचून राहिली, आणि दुसरीकडे बीपी उतरवणारी तुळशीला."

हेमलताबाईंनी गॅलरीतल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टर विनता तपासतील. मागच्या वेळी त्या काय म्हणाल्या, तू होती ना? बीपी असंच राहिलं तर ही गोळी थांबवावी लागेल. सुखदा, ठिपके कमी होऊन राहिले. गोळी गेली तर माझ्याजवळ काय राहते? मला खालचा नंबर पाहिजे होता. मग तो कोणी का देईना."

इतके दिवस सुखदाला वाटत होतं, की सासूबाईंचा महाराजांवर विश्वास आहे. त्यांचा विश्वास कॅन्सरच्या गोळीवर होता. ती गोळी टिकावी म्हणूनच त्या रोज हात वर करून उभ्या राहत होत्या.

तेवढ्यात भय्यासाहेब आत आले. सुखदाने त्यांना दोन्ही आकडे दाखवले, हात वरचा आणि हात खालचा.

"बघ!" ते आनंदाने म्हणाले. "महाराजांची कृपा घरापर्यंत पोचून राहिली!"

"भय्यासाहेब, महाराज इथे नाहीत. नुसता हात वर केला, आकडा पडला."

"मुद्रा त्यांचीच ना? काँट्रॅक्टर साइटवर नसला तरी बिल्डिंग उभी राहतेच."

सुखदाने डॉक्टर विनतांना फोन लावला. त्या म्हणाल्या, बीपीची गोळी आत्ता द्या, पपनस बंद. डोकं फार दुखलं, दिसायला अंधुक झालं किंवा जीभ अडखळली तर एक मिनिट थांबू नका, सरळ घेऊन या. हेमलताबाई पाकिटात उरलेली गोळी हातात घेऊन बसल्या आणि भय्यासाहेबांकडे बघू लागल्या.

"महाराजांचा आकडा चुकीचा आहे, हे दाखव," भय्यासाहेब म्हणाले. "मी पास केलेलं मशीन आहे ते. सगळ्यांसमोर केलं आहे. चूक असेल तर सगळ्यांसमोर दाखव. उद्या सकाळी."

"आणि तोवर?"

"तोवर गोळी घे गं," ते बायकोला हळूच म्हणाले. "तपासणी चालू असताना माल रोखून ठेवायचा, हा नियमच आहे."

तेवढ्यावर हेमलताबाईंनी गोळी घेतली. पण तोंड असं केलं, जणू नवस मोडला. एका गोळीने एका दिवसात काय होणार? पण सुरुवात तर झाली.

रविवारी हॉल तुडुंब. समारोपाला महाराजांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. महाराजांच्या कॉलरला नवा छोटा माईक लावला होता, म्हणजे आशीर्वाद देताना दोन्ही हात मोकळे राहावेत. बेबीताईंचं भाषण झालं. त्यात त्यांनी महाराजांची तुलना समुद्राशी, वृक्षाशी आणि एका चांगल्या स्टॅबिलायझरशी केली.

सुखदाने हात वर केला. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण हात सगळ्यांचेच वर होते. शेवटी ती उठून उभी राहिली.

"एक विनंती आहे जी. महाराजांनी आठवडाभर आपल्या सगळ्यांचं बीपी स्वतःवर घेतलं. पण त्यांचं कोण बघणार? एकदा त्यांचंही मोजू या. त्यांच्याच मशीनने."

हॉलमध्ये असं हळवं वातावरण झालं, की काही विचारू नका. "खरंच की!" "आपण किती स्वार्थी!" बेबीताईंनी पदराने डोळे पुसले. "महाराज, नाही म्हणू नका."

"अरे, हमारा क्या है, हम तो फ़कीर आदमी," महाराज म्हणाले. पण भक्तीच्या लोंढ्यापुढे बुवा पोहू शकत नाही. भय्यासाहेब स्वतः उठले आणि त्यांनी महाराजांच्या मनगटावर मशीन बांधलं. महाराजांनी हात उचलायला सुरुवात केली.

"तसा नाही जी," सुखदा म्हणाली. तिने भजनाची पेटी पुढे ओढली, सत्काराची शाल घडी करून तिच्यावर ठेवली आणि महाराजांचा हात त्या शालीवर टेकवला. मनगट बरोबर छातीच्या रेषेत. "असा आरामात. आणि बोलू नका."

मशीन फुगलं. भय्यासाहेबांनी आकडा वाचला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

आणि इथे सुखदाचा डाव तिच्यावरच उलटला.

"आपलं आहे ते!" कोणीतरी हंबरडा फोडला. "आपलं बीपी आहे महाराजांवर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. "साक्षात पुरावा!" बेबीताई म्हणाल्या. पाटनची बाई व्यासपीठाकडे धावली. "महाराज, मेरा वाला तो वापस कर दो, आप पर बहुत हो गया!"

सुखदाने कपाळाला हात लावला. एक माणूस मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो म्हणजे महाराज. ते त्या आकड्याकडे बघत होते आणि गंधाच्या सरळ रेषेवर घाम फुटत होता. सप्ताहभर लोकांचं हरण करताना त्यांनी स्वतःचं कधी मोजलंच नव्हतं. ते भय्यासाहेबांकडे झुकले आणि अगदी हळू बोलले. पण कॉलरचा माईक नवा होता आणि चांगल्या प्रतीचा होता.

"भैया, ऐसे मत लो. हाथ ऊपर करके लो ना. ऊपर करने से कम आता है."

स्पीकरमधून हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. टाळ्या थांबल्या, अर्धवट.

"काहून?" भय्यासाहेबांनी विचारलं. "हात वर केल्यानं कम काहून येते?"

भय्यासाहेबांच्या आयुष्यात देवाहून मोठी एकच गोष्ट होती, मोजायची पद्धत. त्यांनी महाराजांचा हात धरला आणि वर नेला. एकशे बेचाळीस. हात खाली सोडून जमिनीला टेकवला. दोनशे अठरा. पुन्हा शालीवर. एकशे सत्त्याऐंशी. महाराज मधल्या मध्ये बाहुल्यासारखे वर-खाली होत होते आणि चेला सवयीने आकडे माईकमध्ये ओरडत होता, बेबीताईंनी त्याचा माईक काढून घेईपर्यंत.

"सुखदा," भय्यासाहेब सावकाश म्हणाले, "मी मशीन तपासलं. धरायची जागा तपासली नाही."

"मशीन खरंच पास आहे, भय्यासाहेब. खोटं फक्त उंचीचं आहे." सुखदा लोकांकडे वळली. "आपल्या बिल्डिंगमध्ये पाणी कसं येतं? तळमजल्याच्या नळाखाली बादली धरली तर उडते. तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. मोटर वेगळी असते का?"

"एकच मोटर," कांचघरचे घरमालक म्हणाले.

"हृदय म्हणजे मोटर. हात वर नेला म्हणजे मनगट तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिथे दाब कमीच दिसणार. हात खाली सोडला म्हणजे तळमजला, जास्त दिसणार. म्हणून मनगटाचं मशीन छातीच्या उंचीवर धरून मोजायचं असतं, शांत बसून, न बोलता. इथे आधी तळमजल्यावर बसवतात, शिवाय व्याह्यांचं नाव घ्यायला लावतात, आणि मग तिसऱ्या मजल्यावर नेऊन सांगतात, चमत्कार झाला. कोणाचं काही उतरलं नाही. फक्त नळ बदलला."

कुठेही कोणी दगड उचलला नाही. मराठी मंडळात असं करत नाहीत. लोकांनी रांग लावली, शालीवर हात ठेवला आणि एकेक जण मोजून घेऊ लागला. "माझं चढूनच आहे की!" "माझं तर पहिल्यापासून बरोबर होतं, मग मी सात दिवस हात कशाला वर केला? खांदा गेला माझा!"

महाराज शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसले होते. "बहनजी," ते पडेल आवाजात म्हणाले, "हम पहले सिहोरा में यही मशीन बेचते थे. हाथ नीचे रखवाओ तो ग्राहक घबरा के खरीद लेता था. शिकायत लेके आया तो हाथ ऊपर, खुश होके चला जाता था. मशीन से ज़्यादा तो ये ऊपर-नीचे चल गया." मग आणखी हळू, "मेरा सच में एक सौ अठासी है क्या? कौन-सी गोली लूँ?"

सुखदाच्या जिभेवर आलं होतं, वो हमारा डिपार्टमेंट नहीं. पण माणूस खरंच घाबरला होता.

"आजच डॉक्टरकडे जा जी. तपासून तेच सांगतील. आणि हात खाली ठेवा."

रांगेच्या शेवटी हेमलताबाई उभ्या होत्या. त्यांची पाळी आली. त्यांनी मनगट शालीवर ठेवलं. हात वर जाऊ पाहत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

"एकशे सहासष्ट," भय्यासाहेब म्हणाले. हा आकडा त्यांनी माईकमध्ये सांगितला नाही.

"झालं," हेमलताबाई म्हणाल्या. "आता माझी गोळी जाईल."

सुखदा त्यांच्याजवळ बसली. "आई, आकडा लपवला तरच जाईल. डॉक्टर लगेच बंद करत नाहीत. आधी बीपीची गोळी वाढवतात, लागलं तर कॅन्सरची थोडे दिवस कमी करतात, पुन्हा सुरू करतात. पण त्यासाठी त्यांना खरा आकडा पाहिजे. तुम्ही हात वर करून एकशे अठरा दाखवलं, तर त्या म्हणतील, छान चाललंय. आणि एखाद्या दिवशी डोक्यातली एखादी नस फुटेल, तिला काय माहीत मुद्रा कोणती होती?"

"कारखान्यात असा एक जण होता," भय्यासाहेब म्हणाले. "माल खराब असला की मीटर वाकडं धरायचा. मीटर पास दाखवायचं."

"आणि माल?"

"पुढे फुटायचा." ते बायकोकडे बघायचं टाळत होते. "माझी चूक आहे, हेमा. शिक्का मी मारला."

हेमलताबाईंनी प्रसादाचा पेला बाजूला सारला आणि सुनेकडे हात पसरला. गोळी साध्या पाण्यासोबत घेतली. पाटनची बाई हे बघत होती. तिने पिशवीच्या तळातून आपल्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सुखदाला विचारलं, "बेटी, ये चालू रखूँ?"

"डॉक्टरने दी है तो रखो, काकी. छोड़नी हो तो उसी से पूछ के छोड़ना."

सांगायचं ते एवढंच आहे. यंत्र दाखवलं म्हणून विज्ञान होत नाही आणि आकडा बोलला म्हणून खरं होत नाही. तो कसा काढला, हे विचारावं लागतं. दोन औषधांचं एकमेकांशी जमत नाही, हे खरंच घडतं. पण तो निकाल मुद्रेने लागत नाही, प्रसादाने तर नाहीच. ज्याला त्या दोन्ही औषधांची माहिती आहे, त्याच्यासमोर सगळ्या गोळ्या, काढे, फळं आणि प्रसादसुद्धा मांडावे लागतात. आणि चालू गोळी आपल्या मनाने तुळशीला वाहायची नाही. तुळशीचंही भलं त्यातच आहे.

सोमवारी डॉक्टर विनतांकडे नर्सने हेमलताबाईंचा हात टेबलावर ठेवला. भय्यासाहेब टेबलाची उंची डोळ्यांनी मोजत उभे होते आणि त्यांना ती पसंत पडली. आकडा अजून चढाच होता. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, रोज घरी मोजायला सांगितलं आणि म्हणाल्या, "कॅन्सरची चालू राहू दे. आठवड्याने बघू."

हेमलताबाईंनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि उजवा हात सरळ छताकडे नेला.

"आई!" सुखदा ओरडली. "हात खाली! मोजून झालं!"

"मुद्रा नाही करून राहिली मी," हेमलताबाई म्हणाल्या. हात वरच होता. "मला प्रश्न विचारायचा आहे. डॉक्टर, ही नवी गोळी माझ्या बाकीच्या गोळ्यांशी भांडते का, तेवढं आधी सांगा."